ऑडिओ गेमवरच्या तक्रारी: डेव्हलपर हात का टेकतो, आणि त्यावर काय करता येतं?

प्रश्न: कीबोर्डकिडा

दृष्टिहीनांसाठी ऑडिओ गेम, म्हणजे फक्त आवाजावर खेळायचे गेम, बनवणारे बहुतेक जण एकटे असतात. कोड त्यांचा, आवाज त्यांनीच जमवलेले, चाचणी त्यांची आणि तक्रारींना उत्तरंही त्यांचीच. अशा बऱ्याच गेमची गत सारखीच होते. पहिल्या दोन-तीन आवृत्त्या पटापट येतात, तक्रारी वाढतात, मग दोन आवृत्त्यांमधलं अंतर लांबत जातं आणि एक दिवस डाउनलोडची लिंकच उघडेनाशी होते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तक्रारींमुळे डेव्हलपरच्या कामात नेमकं काय बिघडतं? ('मन दुखावतं' हे माहीत आहे, त्यापुढचं सांगा.) खरा बग कुठला आणि खेळाडूच्या कॉम्प्युटरमधली भानगड कुठली, हे लवकर कसं ओळखायचं? आणि उपयोगी पडेल अशी तक्रार खेळाडूने लिहायची कशी?

माझा गेम विंडोजवरचा आहे, पूर्ण कीबोर्डवर चालणारा. मेनू मराठीत, बोलणं एनव्हीडीएमार्फत (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर). अँड्रॉइडची आवृत्ती पुढे काढायची आहे.

---

कानसेन

आधी पहिला प्रश्न, कारण बाकीचं त्यातूनच निघतं.

मोठ्या स्टुडिओत तक्रार तीन-चार चाळण्यांतून खाली येते. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' २०२० मध्ये आला तो साठाहून जास्त अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंग्ज घेऊन, आणि त्यासाठी अंध सल्लागार आधीपासून कामाला लावले होते. 'फोर्झा मोटरस्पोर्ट'मध्ये २०२३ ला अंध खेळाडूंसाठी गाडी चालवण्याची ध्वनी-मदत आली, तीही अशीच. तिथे कुणी चिडून लिहिलं तर ते आधी सपोर्टवाला वाचतो, शिव्या गाळतो, सारखे मुद्दे एकत्र करतो आणि प्रोग्रामरपर्यंत फक्त 'अमुक ठिकाणी अमुक घडतं' एवढंच जातं. ऑडिओ गेममध्ये ही चाळणीच नसते. रात्री अकराला आलेला मेसेज रात्री अकरालाच कोड लिहिणारा माणूस वाचतो.

कामावर परिणाम होतो तो असा. एक, क्रम बिघडतो. जो जास्त ओरडतो त्याचं आधी होतं. सेव्ह फाइल खराब होण्याचा बग एकाने शांतपणे कळवलेला असतो, तो मागे पडतो. 'बंदुकीचा आवाज बेकार आहे' हे पाच जणांनी जोरात सांगितलेलं असतं, तो आवाज बदलला जातो. दोन, घाईची दुरुस्ती. तक्रारीचा दबाव आला की रात्रीतून आवृत्ती निघते, चाचणी होत नाही, जुनं चालणारं काहीतरी मोडतं आणि दुसऱ्या दिवशी तक्रारी दुप्पट. तीन, आणि हे सगळ्यात वाईट, डेव्हलपर बदल करायलाच घाबरतो. चालतंय ना, मग हात लावू नको. गेम तिथेच गोठतो, आणि मग तक्रार येते की नवीन काहीच येत नाही.

आता दुसरी बाजू. डोळस खेळाडूला गेम आवडला नाही तर तो उडवतो, दुसरा घेतो. त्याच्यापुढे हजारो आहेत. अंध खेळाडूपुढे त्याला हव्या त्या प्रकारचे गेम मोजकेच असतात. म्हणून न आवडलेला गेमही तो सोडत नाही, खेळत राहतो आणि तक्रार करत राहतो. एकच माणूस चाळीस तक्रारी पाठवतो तेव्हा डेव्हलपरला वाटतं हा शत्रू आहे. बहुतेक वेळा त्या चाळीस तक्रारींवरून एवढंच कळतं, की त्याने गेम शेवटपर्यंत खेळलाय.

उपाय करायचा तर चाळणी स्वतःच बांधावी लागते. तक्रारी वाचायचे दोन दिवस ठरवा, उदाहरणार्थ बुधवार आणि रविवार, आणि ते गेमच्या मदत-फाइलमध्ये लिहून टाका. बाकीचे पाच दिवस तो इनबॉक्स उघडायचाच नाही. तक्रारींचा पत्ता आपल्या रोजच्या मेलपेक्षा वेगळा. व्हॉट्सअ‍ॅपवर घेतच असाल तर फक्त गट, खाजगी मेसेज नाही. नाहीतर एकच उत्तर तीस वेळा व्हॉइस नोटमध्ये बोलत बसाल.

आवृत्ती महिन्यातून एकदाच. मधली आवृत्ती फक्त दोन कारणांसाठी: गेम सुरूच होत नाही, किंवा सेव्ह केलेलं नाहीसं होतं. बाकी कितीही आरडाओरडा झाला तरी पुढच्या महिन्यात.

---

वायर_सुटली

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. 'गेममध्ये बग आहे' म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारी गेमच्या नसतातच. पण उत्तर देण्यात वेळ तेवढाच जातो, म्हणून नेहमीचे आरोपी तोंडपाठ हवेत.

'डावीकडे पळताना उडी लागत नाही.' कीबोर्ड. स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्डवर ठराविक तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी पोचतच नाही, कारण आतल्या तारांची जाळी सामायिक असते. वरचा बाण, डावा बाण आणि स्पेस हे तर कुप्रसिद्ध त्रिकूट. उजवीकडे चालतं आणि डावीकडे नाही, असं कुणी म्हणालं की समजून जायचं. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांच्या तारा बहुधा वेगळ्या असतात म्हणून उडी किंवा गोळी त्यांवर नेली की प्रश्न सुटतो. पण इथे मेख आहे. एनव्हीडीए आणि जॉज या दोन्ही स्क्रीन रीडरमध्ये कंट्रोल दाबलं की बोलणं थांबतं. गोळी कंट्रोलवर ठेवली आणि संदेश स्क्रीन रीडरमार्फत दिले, तर प्रत्येक गोळीला संदेश कापला जाणार. मग तक्रार येणार, 'गेम अर्धवट बोलतो.' शिफ्टचंही तसंच, पाच वेळा पटापट दाबलं की विंडोज स्टिकी कीज चालू करायचं विचारतं आणि गेमवरचा फोकस उडतो. म्हणून कळा खेळाडूला बदलता आल्या पाहिजेत, याला पर्याय नाही. आणि इन्सर्ट व कॅप्स लॉक कशालाच देऊ नका, ती स्क्रीन रीडरची जागा आहे.

'आवाज उशिरा येतो.' आधी विचारा, हेडफोन ब्लूटूथचा आहे का? साध्या ब्लूटूथ हेडफोनला १५० ते २५० मिलिसेकंद उशीर सहज लागतो. शत्रूचा आवाज आल्यावर ३०० मिलिसेकंदांत वार करायचा असेल तर अर्धा वेळ हवेतच गेला. गेमचा यात काही दोष नाही, पण वेळेची खिडकी वाढवायची सेटिंग देता येते.

'डावं-उजवं कळत नाही, सगळं मध्ये येतं.' परत ब्लूटूथ, कारण वेगळं. खेळताना दुसरीकडे कॉल किंवा व्हॉइस चॅट चालू असेल आणि त्याच हेडफोनचा माइक वापरात असेल, तर विंडोज हेडफोनला हँड्सफ्री मोडमध्ये टाकतं. त्यात आवाज मोनो होतो, दर्जाही टेलिफोनसारखा. माइक वेगळा निवडला की स्टिरिओ परत येतं. तरी नाही आलं तर विंडोजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू राहिलं आहे का ते बघा. आणि हो, हेडफोन उलटा घातलाय का, हेही विचारायचं. गेमच्या सुरुवातीला 'डावा' आणि 'उजवा' असं त्या-त्या कानात बोलणारी चाचणी ठेवली की ही तक्रार बरीच कमी होते.

'समोर-मागे कळत नाही' ही मात्र खरी तक्रार. नुसत्या डाव्या-उजव्या पॅनिंगमध्ये (आवाज दोन कानांत कमी-जास्त वाटण्यात) समोर-मागे असा फरकच नसतो. त्यासाठी एचआरटीएफ (दिशेनुसार आवाज कानात कसा पोचतो याची नक्कल) लागतं, ओपनएएल सॉफ्ट किंवा स्टीम ऑडिओ या ध्वनी-लायब्रऱ्यांमधून मिळतं. ते सगळ्यांच्या कानांना सारखं पटत नाही, कारण कानाच्या पाळीचा आकार प्रत्येकाचा वेगळा. ऑडिओ गेममधली जुनी युक्ती जास्त भरवशाची: मागच्या वस्तूचा स्वर थोडा खाली आणायचा. दोन्ही पर्याय द्या. आणि विंडोजचं स्वतःचं स्पेशियल साउंड त्यावर आणखी चालू असेल तर प्रक्रिया दोनदा होऊन सगळा चिखल होतो, तेही मदत-फाइलमध्ये लिहा.

'गेम मुका झाला.' कुणीतरी सल्ला दिलेला असतो की गेम खेळताना एनव्हीडीएचा स्लीप मोड (त्या गेमपुरतं त्याला गप्प करणं) लावा, इन्सर्ट+शिफ्ट+एस. स्वतःच्या आवाजात बोलणाऱ्या गेमसाठी हा सल्ला बरोबर. तुमचा गेम मात्र एनव्हीडीएमार्फतच बोलतो, म्हणजे एनव्हीडीए झोपला की, गेम त्याला संदेश कसे देतो त्यानुसार, गेमची वाचाच जाऊ शकते. मदत-फाइलची पहिली ओळ हीच असू दे.

'मेनू वाचताना क्वेश्चन मार्क, क्वेश्चन मार्क म्हणतो.' हे मराठीवाल्यांचं खास दुखणं. कुठेतरी जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) फाइल सेव्ह झाली आणि देवनागरीची प्रश्नचिन्हं झाली. सगळ्या फाइली यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच ठेवा. आणि मेनू वाचताना काहीच आवाज नाही असं कुणी म्हणालं, तर त्याने इंग्रजी आवाज निवडलेला असतो आणि तो देवनागरी गिळून टाकतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आहे, ती निवडायला सांगा. सॅपीवर (विंडोजच्या स्वतःच्या आवाजांवर) बोलायची सोय ठेवणार असाल तर आवाजाची निवड गेमच्या आतच द्या.

राहता राहिला अँटिव्हायरस. 'तुझ्या गेममध्ये व्हायरस आहे' ही तक्रार मनाला जेवढी लागते तेवढी दुसरी कुठलीच नाही, आणि कारण बहुधा अगदी निरस असतं. बीजीटी या ऑडिओ गेम बनवायच्या साधनात बनवलेल्या सगळ्या गेमची एक्झी फाइल सुरुवातीला सारखीच दिसते, आपला कोड शेवटी चिकटवलेला असतो. त्या साच्यातली एक फाइल संशयित ठरली की बाकीच्या सगळ्या त्याच पंगतीत बसतात. पायथनमधल्या कोडची एक्झी बनवणाऱ्या पायइन्स्टॉलरचंही तेच. त्यावर असं करा: एकाच फाइलमध्ये सगळं कोंबू नका, फोल्डरवाली पद्धत वापरा, यूपीएक्स या फाइल आवळणाऱ्या साधनाने आकार कमी करायचा मोह टाळा, नवी आवृत्ती जाहीर करण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या फाइल तपासणीच्या पानावर पाठवून खोटा इशारा काढून घ्या, डाउनलोडशेजारी फाइलचा हॅश (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा कोड) द्या. कोड साइनिंग सर्टिफिकेट (फाइल तुमचीच आहे हे दाखवणारी डिजिटल सही) घेतलं तर विंडोजच्या स्मार्टस्क्रीन इशाऱ्याची कटकट हळूहळू कमी होते, पण जून २०२३ पासून त्याची खाजगी किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित साधनात ठेवावी लागते, म्हणजे एकट्या माणसाला खर्च आणि खटाटोप दोन्ही. 'अँटिव्हायरस बंद करून चालवा' असं मात्र कधीही लिहू नका. उद्या कुणी तुमच्या नावाने खरंच काही वाईट पसरवलं तर खेळाडू आधीच निःशस्त्र.

---

तिसरी_घंटा

वरचं सगळं मान्य, पण सूर जरा 'खेळाडूलाच कळत नाही' असा लागलाय. डेव्हलपरांच्याही खोड्या आहेत. बग कळवायच्या फॉर्ममध्ये चित्रातली अक्षरं ओळखायचा कॅप्चा असतो. दृष्टिहीनांसाठीच्या गेमला! 'स्क्रीनशॉट जोडा' ही जागा भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. बदलांची यादी 'काही दुरुस्त्या केल्या' एवढीच. मग दोन महिन्यांपूर्वी कळवलेलं सुधारलं की नाही हे खेळाडूने कसं ओळखायचं? तो परत तेच लिहितो, आणि तुम्ही म्हणता सारखं तेच तेच.

तिसरा प्रश्न. तक्रार लिहायची कशी, ते दोन नमुन्यांवरून दाखवतो.

पहिला: 'गेम नीट चालत नाही. उडीचा प्रॉब्लेम अजून आहेच. किती वेळा सांगायचं?'

दुसरा: 'आवृत्ती १.४.२. विंडोज ११, एनव्हीडीए २०२४.४, वायरचा हेडफोन. तिसऱ्या पातळीवर विहिरीशी वरचा आणि डावा बाण धरून स्पेस दाबली की उडी लागत नाही. वरचा आणि उजवा धरून लागते. पाचदा केलं, पाचही वेळा तसंच. दुसरा कीबोर्ड लावल्यावर डावीकडेही लागली.'

दुसऱ्यात रागाचा शब्द नाही हे गौण आहे. राग असला तरी चाललं असतं. खरं काम केलंय ते 'उजवा धरून लागते' या वाक्याने. काय चालत नाही याच्याइतकंच काय चालतं हे लिहिलं की शोधायची जागा लगेच लहान होते. आणि शेवटच्या वाक्याने तर निदानच करून टाकलं. वायर_सुटली यांनी सांगितलेलं त्रिकूट.

आवृत्ती, विंडोज, स्क्रीन रीडर हे खेळाडूला टाइप करायला लावूच नका. गेममध्ये एक कळ ठेवा, समजा एफ९. ती दाबली की हे सगळं, सोबत निवडलेल्या ऑडिओ साधनाचं नाव, सॅम्पल रेट आणि शेवटच्या दोनशे घटना क्लिपबोर्डवर जातील आणि गेम बोलेल, 'अहवाल कॉपी झाला, आता मेलमध्ये पेस्ट करा.' लॉगमध्ये वापरकर्त्याच्या फोल्डरचा पत्ता, म्हणजे त्याचं नाव, जात नाही ना हे तपासा. एनव्हीडीएच काहीतरी विचित्र वागत असेल तर इन्सर्ट+एफ१ दाबून त्याचा लॉगही मागवता येतो, पण त्यात आधी काय-काय वाचलं गेलं हेही येऊ शकतं, तेव्हा पाठवण्याआधी बघून घ्यायला सांगा.

स्क्रीनशॉटऐवजी गेमच्या आवाजाचं वीस-तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग मागा. फोन स्पीकरजवळ धरून केलेलं असलं तरी चालतं, फक्त डाव्या-उजव्याची तक्रार असेल तर त्यातून काही कळणार नाही.

---

कीबोर्डकिडा

एफ९ची कल्पना उचलतो. स्लीप मोडचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या: 'फार अवघड आहे' आणि 'फार सोपं आहे' अशा दोन्ही तक्रारी एकाच पातळीबद्दल आल्या तर काय? आणि अँड्रॉइड?

---

कानसेन

अवघड-सोप्याची तक्रार बगसारखी हाताळू नका. जुनेजाणते खेळाडू स्क्रीन रीडर भन्नाट वेगाने ऐकतात, अंधारात पावलांवरून अंतर सांगतात, आणि तेच सगळ्यात जास्त लिहितात. त्यांच्या म्हणण्यावर गेम अवघड करत गेलात की नवा माणूस पहिल्याच खोलीत मरतो. तो तक्रार करत नाही, निघून जातो. म्हणजे तुमच्या इनबॉक्सात जे येतं ते राहिलेल्यांचं मत असतं.

यावर मोजमाप हा एकच इलाज. खेळाडूची परवानगी घेऊन कुठल्या पातळीवर किती वेळा मरण आलं आणि कुठे गेम बंद केला, एवढे दोन आकडे नोंदवा. तिसऱ्या पातळीवर बहुतेक जण चार-पाच प्रयत्नांत पार होत असतील तर ती ठीक आहे, कोण काय म्हणतो ते बाजूला ठेवा. सगळे तिथेच गेम बंद करत असतील तर एकानेही तक्रार केली नसली तरी ती मोडलेली आहे. अवघडपणा एका पट्टीत बांधू नका: वेळेची खिडकी, शत्रूचा मार आणि इशाऱ्याच्या आवाजाची पातळी या तीन सेटिंग्ज सुट्या ठेवा. 'अवघड' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना शत्रू भारी पडत नसतो, पार्श्वसंगीतात त्याची पावलं ऐकू येत नसतात.

सुरुवातीची कथा कापता आलीच पाहिजे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर काढणार असाल तर तिथे १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. पहिली वीस मिनिटं न थांबवता येणाऱ्या प्रस्तावनेत गेली की लोक काय करतात ते सांगायला नको.

---

वायर_सुटली

अँड्रॉइडवर पहिली तक्रार ठरलेली आहे: 'स्वाइप चालत नाही.' अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर टॉकबॅक चालू असताना एका बोटाचे इशारे तो स्वतः खातो, गेमपर्यंत पोचत नाहीत. बरेच गेम सांगतात, दोन्ही आवाजाची बटणं तीन सेकंद धरा आणि टॉकबॅक बंद करा. मग मध्येच बॅटरीची सूचना किंवा परवानगीची चौकट आली की ती वाचणारं कुणी नाही, खेळाडू अडकला आणि एक तारा देऊन मोकळा. म्हणून सगळ्या परवानग्या पहिल्याच पानावर, टॉकबॅक चालू असतानाच मागून घ्या. पूर्ण स्क्रीनच्या जाहिराती टाकूच नका. त्यांच्या बंद करायच्या बटणाला बहुधा नावच नसतं आणि शिव्या तुम्हाला पडतात. आयफोनवर हे दुखणं कमी आहे, कारण व्हॉइसओव्हर या तिथल्या स्क्रीन रीडरमध्ये ठराविक भागाला थेट स्पर्श देता येतो.

गेम इंजिन (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर) अजून ठरवलं नसेल तर: युनिटीत मोबाइलच्या स्क्रीन रीडरचा अधिकृत आधार २०२३.२ पासून आला, गोडोत स्क्रीन रीडरचा आधार ४.५ पासून आला, तोही डेस्कटॉपसाठी आणि प्रायोगिक. दोन्हीकडे मेनूपुरता विश्वास ठेवा, खेळाच्या भागात स्वतःचं बोलणं.

प्लेस्टोअरवर रिव्ह्यूला उत्तर द्यायला ३५० अक्षरं मिळतात, त्यात वाद घालता येत नाही हे बरंच आहे. बग दुरुस्त झाला की त्या जुन्या रिव्ह्यूखालीच 'आवृत्ती १.५ मध्ये सुधारलं' एवढं लिहा. लोक तारे बदलतात, पण सांगितल्याशिवाय नाही.

---

तिसरी_घंटा

एक राहिलंच, लिंक बंद होण्याचं. आयओएस ११ ने २०१७ मध्ये ३२-बिट अ‍ॅप चालवणं थांबवलं तेव्हा अद्ययावत न झालेले किती तरी गेम एका फटक्यात गेले. विंडोजवर वेगळी तऱ्हा: गेमची किल्ली (विकत घेतल्याचा कोड) डेव्हलपरच्या सर्व्हरला विचारून उघडते, सर्व्हर गेला की पैसे भरलेला गेमही गेला. कंटाळून थांबायची वेळ आलीच तर किल्ली न मागणारी शेवटची आवृत्ती तयार असू दे. ती आत्ताच बनवून, एकदा इंटरनेट बंद करून चालवून बघा. सर्व्हर उत्तर देत नाही म्हटल्यावर बरेच गेम पहिल्या मेनूच्या आधीच गप्प होतात आणि खेळाडूला वाटतं पुन्हा स्लीप मोड लागला.